शाळेचा निकाल किती टक्के? एका मोजपट्टीची दीडशे वर्षे

दरवर्षी मे महिन्यात आपल्या टिळकवाडीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक वळवाचा पाऊस आणि दुसरा दहावीचा निकाल. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत कुठेही उभे राहा, बोलणे एकच. 'तुमच्या शाळेचा किती टक्के लागला?' 'तरुण भारत'च्या पानावर मुलांचे फोटो, शाळेच्या फाटकावर 'शंभर टक्के निकालाची परंपरा' असा फलक आणि काही दिवसांनी मंडळांचे गुणगौरव समारंभ. आपले मंडळही गणेशोत्सवात गुणवंतांचा सत्कार करते आणि ते योग्यच आहे.

पण शाळेची किंमत अशी टक्क्यात करायची पद्धत आली कुठून? आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी ती होती का? स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला तेव्हा हा विषय मनात आला. मी शिक्षक नाही. पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला, रस्ते आणि इमारतींची मोजमापे घेणारा माणूस आहे. मोजमाप हेच पोटापाण्याचे काम असल्यामुळे कुठलेही माप दिसले की ते कुठून घेतले हे विचारायची सवय लागली आहे.

सुरुवात १८५४ सालापासून करावी लागते. त्या वर्षी विलायतेहून वुडचा खलिता आला आणि हिंदुस्थानात खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरले. त्यापाठोपाठ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. शंभरावर मुले बसली आणि उत्तीर्ण झाली जेमतेम विसेक. त्या विसांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आजच्या हिशेबाने पाहिले तर तो निकाल अगदीच वाईट म्हणावा लागेल. तेव्हा मात्र कुणी तो तसा मोजला नाही. मॅट्रिक ही महाविद्यालयाच्या दारावरची परीक्षा होती. दारातून कोण आत जाऊ शकतो एवढेच तिने सांगायचे होते. शाळा चांगली की वाईट हे सांगणे तिचे काम नव्हते.

ते काम तिच्याकडे आले पैशाच्या मार्गाने. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली आणली. इन्स्पेक्टरने शाळेत जायचे, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणितात परीक्षा घ्यायची आणि जेवढी मुले उत्तीर्ण होतील तेवढे पैसे शाळेला द्यायचे. मूल एका विषयात नापास झाले की तेवढी रक्कम कापली जायची. 'निकालानुसार मोबदला' असे या पद्धतीचे स्वरूप होते. याच दशकात ती आपल्या मुंबई इलाख्यातही आली. मद्रास-बंगालकडे शिक्षकांच्या पगाराला हातभार लावण्याची पद्धत अधिक चालत होती. मुंबई इलाख्यात मात्र खासगी शाळांच्या अनुदानाचा हिशेब बव्हंशी मुलांच्या परीक्षेवर होऊ लागला. बेळगाव तेव्हा याच इलाख्यातला जिल्हा. मिशनच्या किंवा इतर खासगी शाळांना अनुदान हवे असेल तर इन्स्पेक्टरसाहेबांसमोर मुले उभी करावी लागत.

आमच्या खात्यात मेजरमेंट बुक असते. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, उंची त्यात लिहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघत नाही. भिंतीच्या बाबतीत ही पद्धत चोख आहे, कारण भिंत मोजल्याने बदलत नाही. मुलांचे तसे नसते. पैसे ज्या गोष्टीवर मिळतात, शाळा तीच गोष्ट करू लागते. इंग्लंडमध्ये ठरलेले वाचनाचे पुस्तक मुलांकडून पाठच करून घेतले जाऊ लागले. इन्स्पेक्टरने पान उघडले की मूल घडाघडा म्हणून दाखवी, मग अक्षर ओळखता येवो की न येवो. ज्या विषयांची परीक्षा नाही ते मागे पडले. हुशार मुलाकडे लक्ष देऊन जादा पैसे मिळत नव्हते आणि अगदी कच्च्या मुलाकडे लक्ष देऊन उपयोग नव्हता. त्यामुळे काठावरच्या मुलांना घोटण्यातच वर्ष जायचे. मॅथ्यू आर्नोल्ड हा मोठा कवी स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होता. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक झाले असे तो आपल्या अहवालांतून सातत्याने लिहीत राहिला.

आपल्याकडे १८८२ मध्ये हंटर आयोग आला. महात्मा फुले यांनी याच आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. वरच्या वर्गातली थोडी मुले किती चमकली यापेक्षा खालची किती मुले शाळेत आली हा त्यांचा प्रश्न होता. त्याच आयोगाने पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचीही दखल घेतली. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि नामजोशी यांनी ती शाळा काढली, तीही सुरुवातीला सरकारी अनुदान न घेता. पहिल्या काही वर्षांतच तिथल्या मुलांनी मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि शाळेचे नाव झाले. म्हणजे निकालाने शाळेची प्रतिष्ठा वाढते हे राष्ट्रीय शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनाही माहीत होते आणि त्यांनी त्याचा उपयोगही केला. त्यात गैर काही नाही. नव्या, बिनअनुदानित, सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या शाळेला लोकांचा विश्वास मिळवायचा तर निकालासारखा दुसरा साक्षीदार कुठला?

ही बाजू आपण विसरू नये. परीक्षेचा निकाल हा गरिबाच्या आणि परक्याच्या उपयोगी पडणारा पुरावा आहे. तिथे वशिला चालत नाही, आडनाव चालत नाही. आपल्या भागातली कित्येक शेतकरी आणि विणकरी घरे मॅट्रिकच्या एका कागदावर नोकरीत आली. १८३० च्या दशकात सुरू झालेल्या बेनन स्मिथपासून पुढच्या काळातल्या अनेक शाळांपर्यंत बेळगावच्या हायस्कुलांनी हेच काम केले. आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकेत आजोबांचे ते सर्टिफिकेट अजून जपून ठेवलेले असेल.

शेवटी 'निकालानुसार मोबदला' इंग्लंडमध्ये एकोणिसावे शतक संपता संपता मोडीत निघाला. आपल्याकडे लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०४ च्या शैक्षणिक ठरावात ही पद्धत सोडण्याचे धोरण जाहीर केले. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे वापरून, अनुभव घेऊन, सरकारनेच ती टाकून दिली. हे मुद्दाम सांगतो, कारण तीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत पुन्हा आलेली आपण पाहतो आहोत.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाकडून निघाली. मुंबई राज्यात स्वतंत्र मंडळ झाले आणि १९४९ पासून एस. एस. सी. परीक्षा सुरू झाली. बेळगावची मुलेही तीच परीक्षा देत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ आला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्या दिवसाबद्दल आपल्या घरांत बरेच बोलले जाते, सगळेच इथे लिहीत नाही. पण शाळेच्या दृष्टीने एक मोठा बदल झाला. मुलगा तोच, भाषा तीच, मास्तर तेच, पण उत्तरपत्रिका तपासणारे मंडळ बदलले आणि एस. एस. सी. ची एस. एस. एल. सी. झाली. निपाणीत तर ही रेघ डोळ्यांनी दिसते. गाव कर्नाटकात आणि गावाला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. दहावी बेंगळूरच्या मंडळाची आणि पुढचे शिक्षण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे असा प्रवास तिथल्या हजारो मुलांनी केला आहे.

मोजपट्टीत भाषेला किती गुण हाही आपल्याकडे साधा प्रश्न नव्हता. १९८१ मध्ये गोकाक समितीने माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव पहिली भाषा असावी आणि तिला १५० गुण असावेत अशी शिफारस केली. त्यावरून केवढे रान उठले ते चाळीशीच्या पुढच्या सर्वांना ऐकून तरी माहीत आहे. प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मराठी पहिली भाषा म्हणून घेण्याची सोय राहिली. आज एस. एस. एल. सी. ६२५ गुणांची आहे. पहिल्या भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १००. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीबरोबर इंग्रजी आणि कन्नड या दोन्ही भाषा पार कराव्या लागतात. घरात, गल्लीत कन्नड कानावर न पडणाऱ्या खानापूरकडच्या मुलाला तिसरी भाषाही किती जड जाते ते त्याच्या शिक्षकालाच विचारावे. टक्केवारीच्या तक्त्यात याचा रकाना नसतो.

आता अलीकडची वर्षे पाहू. निकालाच्या दिवशी राज्यातल्या शैक्षणिक जिल्ह्यांची क्रमवारी जाहीर होते. आपल्या महसुली जिल्ह्याचे शिक्षणासाठी दोन भाग आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. निपाणी चिक्कोडीत येते. २०१८ च्या निकालात उडुपी पहिला, उत्तर कन्नड दुसरा आणि चिक्कोडी तिसरा आला. सीमाभागाला केवढा आनंद झाला होता. २०२० मध्ये मंडळाने क्रमांकांऐवजी जिल्ह्यांना अ, ब, क अशा श्रेणी देऊन पाहिल्या. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षा दोनच दिवसांत, पर्यायी उत्तरांच्या स्वरूपात उरकली गेली आणि निकाल लागला ९९.९९ टक्के. पुढच्या वर्षी तो ८५.६३ आणि २०२३ मध्ये ८३.८९ टक्के होता.

मग २०२४ साल आले. त्या वर्षी परीक्षा केंद्रांवरच्या कॅमेऱ्यांचे थेट प्रक्षेपण वरिष्ठ कार्यालयांत दिसू लागले. निकाल एकदम घसरला. इतका, की मंडळाला वाढीव कृपागुण द्यावे लागले आणि तरीही आकडा ७३.४० वरच थांबला. २०२५ च्या पहिल्या परीक्षेत, कृपागुणांची ती सवलत नसताना, तो ६६.१४ टक्के लागला. पहिल्या दहा जिल्ह्यांत २०२४ मध्ये चिक्कोडी नव्हता. उडुपी मात्र पुन्हा पहिलाच होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. म्हणजे कॅमेरा आला म्हणून सगळेच कोसळले असे नाही.

या आकड्यांवरून कुणावर आरोप करायचा माझा हेतू नाही. घसरणीची कारणे एकाहून अधिक असतील. मला एवढेच दिसते की चार वर्षांत निकाल ९९.९९ वरून ६६.१४ वर आला, आणि या काळात राज्यातल्या शाळांचा दर्जा एक तृतीयांशाने घटला असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. बदलले ते माप घेण्याचे साधन. आमच्या कामात टेप ताणून धरली की एक माप येते, सैल धरली की दुसरे. भिंत तिथेच असते.

तरीही या आकड्यावर बरेच काही चालते. निकाल कमी लागला की कारणे दाखवा नोटीस निघते. मुख्याध्यापकांची बैठक बोलावली जाते. मग पूर्वतयारी परीक्षेनंतर मुलांची विभागणी होते आणि कच्च्या मुलांसाठी 'पासिंग पॅकेज' निघते, म्हणजे पास होण्यापुरते गुण पडतील एवढेच धडे, एवढेच प्रश्न. ते तयार करणारे शिक्षक मनापासून कष्ट घेतात, सकाळ-संध्याकाळ जादा वर्ग घेतात, मुलांना घरी जाऊन उठवतातसुद्धा. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण काठावरच्या मुलालाच घोटायचे हे दीडशे वर्षांपूर्वीच्या इन्स्पेक्टरच्या काळाहून वेगळे आहे का?

इथे एक स्वतःचा अनुभव सांगतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण तसे त्या काळी अनेक ठिकाणी चालायचे. मी नववीत असताना माझ्या शेजारी बसणारा मुलगा अभ्यासात मागे होता. गणित त्याला येत नव्हते, पण हात फार कसबी होता. सायकल उघडून पुन्हा जोडणे त्याला डोळे मिटून जमायचे. नववीच्या निकालात तो आणि आणखी चार-पाच जण नापास झाले. त्याच्या वडिलांना बोलावून सांगण्यात आले, 'याला दहावीत घेतले तर शाळेचा निकाल खाली येतो. एक वर्ष थांबवा, नाहीतर बाहेरून फॉर्म भरा.' वडील गवंडीकाम करणारे. ते काही न बोलता मान हलवून निघून गेले. मुलगा पुढच्या जूनला शाळेत आलाच नाही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागला.

पुढच्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल फार चांगला लागला. पेढे वाटले, मीही खाल्ले. त्या टक्केवारीत माझाही वाटा होता, याचा मला अभिमान होता. तो मुलगा त्या आकड्यात कुठेच नव्हता. नापासांतही नव्हता. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे गेली. दोन-तीन वर्षांपूर्वी तो मला दुसऱ्या गेटजवळ भेटला. आता त्याचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे, बरे चालले आहे. बोलता बोलता म्हणाला, 'अरे, मला पस्तीस पडले असते की नाही ते कधी कळलंच नाही बघ. परीक्षेला तरी बसू द्यायचं होतं.' त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

टक्केवारी हा भागाकार आहे. वरचा आकडा वाढवूनही टक्के वाढतात आणि खालचा आकडा कमी करूनही वाढतात. आठवीत ४० मुले आली, दहावीच्या परीक्षेला ३० बसली आणि ३० ही उत्तीर्ण झाली, तर फलकावर शंभर टक्के लिहिता येते. आठवीपासून मोजले तर तोच निकाल ७५ टक्के आहे. आणि उलटही होते. आज आपल्या मराठी माध्यमाच्या कित्येक शाळांत पट घसरला आहे. दहावीत १२ मुले असतील आणि एक नापास झाले तर निकाल ९१.६७ वर येतो. एका मुलाचे एका दिवसाचे दुखणे शाळेला आठ टक्क्यांनी खाली आणते. अशा शाळेची तुलना शंभर मुलांच्या, प्रवेशाच्या वेळीच निवडून घेणाऱ्या शाळेशी करायची आणि 'मराठी शाळांचा दर्जा राहिला नाही' असे म्हणायचे, हा हिशेब खरा नाही. पालक मात्र याच हिशेबावर मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. मग पट आणखी कमी होतो.

जगात इतरत्रही यावर विचार झाला आहे. इंग्लंडने १९९२ पासून शाळांच्या निकालाचे तक्ते छापायला सुरुवात केली. काही वर्षांतच लक्षात आले की सुखवस्तू वस्तीतल्या शाळा नेहमी वर आणि कामगार वस्तीतल्या नेहमी खाली. मग मूल शाळेत आले तेव्हा कुठे होते आणि बाहेर पडताना कुठे पोहोचले, यातला फरक मोजायची पद्धत त्यांनी आणली. शेजारच्या वेल्सने तर २००१ मध्ये ते तक्ते छापणेच बंद केले. आपल्या शेजारी महाराष्ट्रातही दहावीची गुणवत्ता यादी जाहीर करणे थांबले, कारण एका-अर्ध्या गुणासाठी मुलांचा जीव टांगणीला लागत होता.

आलेल्या आणि पोहोचलेल्या जागेतला फरक मोजण्याची ही कल्पना मला आमच्या कामामुळे लगेच पटली. लेव्हल घेताना आधी बेंचमार्कवर पट्टी धरावी लागते. स्लॅबची उंची कितीही अचूक घेतली, पण जोते कुठे होते हेच ठाऊक नसेल, तर भिंत किती बांधली ते सांगता येत नाही. ज्या घरात आई-वडील दोघेही पदवीधर आहेत तिथले मूल ९० टक्क्यांवर येणे आणि ज्या घरात पहिलेच पाटी-दप्तर आले तिथले मूल ५५ वर येणे, यात शाळेने जास्त काम कुठे केले?

म्हणून निकाल मोजू नका असे माझे म्हणणे नाही. परीक्षा नसती तर माझ्यासारख्याला पदविकेला प्रवेश मिळाला नसता आणि सरकारी नोकरीही नाही. निकालाशिवाय शाळा कशी चालली आहे हे कळायला दुसरा सोपा मार्गही नाही. मोजपट्टी हवीच. फक्त ती कुठून कुठपर्यंत धरली हे विचारले पाहिजे.

आपल्या मंडळापुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. पुढच्या वर्षीपासून गुणगौरवाच्या वेळी शाळांना तीनच प्रश्न विचारावेत. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती? त्यांपैकी किती दहावी पार झाली? आणि जी झाली नाहीत ती आज काय करतात? उत्तरे छापायची गरज नाही, कुणाला कमी लेखायचीही नाही. पण विचारणारे कुणीतरी आहे एवढे कळले तरी नववीत मुलाला थांबवताना हात थोडा अडखळेल. आणि पहिल्या तीन क्रमांकांबरोबर एक नारळ-शाल अशा मुलालाही द्यावी, ज्याने आठवीत सगळ्या विषयांत मार खाल्ला होता आणि दहावीत मात्र सगळे विषय पार केले. त्याच्याबरोबर त्याच्या शिक्षकालाही स्टेजवर बोलवावे.

आपण गणपतीला विद्येची देवता म्हणतो. आरतीला उभे राहताना कुणी मुलांना मार्क विचारत नाही. सगळी पोरे एका ओळीत उभी असतात, हुशार, मठ्ठ, शाळेत जाणारी आणि शाळा सुटलेलीही. माझा तो मित्र दरवर्षी आपल्या मांडवात येतो. मांडवाच्या लोखंडी कमानीचे वेल्डिंग गेली कित्येक वर्षे तोच करून देतो, पैसे न घेता. त्याचे नाव कुठल्याही गुणवत्ता यादीत नाही. यंदा कमानीखालून आत येताना वर एकदा अवश्य पाहावे.

गणपती बाप्पा मोरया!